रंग सांगता, गाठ लपवता

२०१० सालच्या जानेवारीत फेसबुकवर बायकांची स्टेटसं अचानक एकेका शब्दाची झाली. काळा. पांढरा. गुलाबी. लाल. त्याच्या मागेपुढे काही नाही. पुरुष बुचकळ्यात पडले, आणि त्यांनी तसं पडावं अशीच योजना होती. कारण त्याआधी बायकांच्या इनबॉक्समधून एक निरोप फिरून गेला होता : आज घातलेल्या ब्राचा फक्त रंग लिही, बाकी काही लिहू नकोस, पुरुषांना पत्ता लागू देऊ नकोस, आणि हा निरोप मैत्रिणींना पाठव. हेतू सांगितला होता स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृतीचा.

जागृती कशाची झाली, ते मला आजही कोणी समजावून सांगावं. त्या स्टेटसमध्ये आजाराचं नाव नव्हतं. लक्षण नव्हतं. तपासणी कुठे करायची, कोणत्या वयापासून करायची, यातलं काही नव्हतं. हा खेळ कोण्या रुग्णालयानं सुरू केलेला नव्हता. अमेरिकेतल्या सुसान कोमेन या मोठ्या संस्थेनंही तो आपण सुरू केलेला नाही असं सांगितलं. बातम्या आल्या, रंगांचा अर्थ सगळ्यांना कळला, आणि कळलं काय, तर कोणी आज आतून काय घातलंय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुढचा निरोप आला : घरी आल्यावर पर्स कुठे ठेवता ती जागा लिहा, पण अशा शब्दांत लिहा की वाचणाऱ्याला भलतंच काही वाटावं. नंतरच्या वर्षांत नुसता बदाम टाकायची टूम आली. अट दरवेळी तीच. गुपित फोडायचं नाही.

मला राग आहे तो या अटीचा. स्तनाचा कर्करोग हा आपल्या देशात बायकांना सर्वाधिक होणारा कर्करोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ सालासाठी केलेला अंदाज असा : भारतात वर्षभरात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण, आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. हा आजार लवकर सापडला तर बाई बहुतेकदा बरी होते, हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलेत. आपल्याकडे ती उशिरा येते. आंघोळ करताना हाताला गाठ लागते, पण दुखत नाही, म्हणून ती गप्प राहते. मग दिवाळी होऊ दे, मग पोराची बारावी होऊ दे, मग नणंदेचं लग्न होऊ दे. सुरुवातीला ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ या एका समजुतीनं घराघरांतून बायका नेल्या आहेत. अशा बाईला लपवाछपवी शिकवावी लागत नाही, ती तिच्या अंगवळणी पडलेली असते. तिच्या हातात आणखी एक गुपित देऊन कोणाचं भलं झालं?

आणि पुरुषांना कळू द्यायचं नाही म्हणजे काय? मुंबईला टाटा रुग्णालयात जायचं ठरलं की गाडीचं तिकीट कोण काढतं? पैसे कोणाच्या हातात असतात? रजा टाकून बरोबर कोण जातं, नातेवाइकाकडे उतरायची सोय कोण बघतं? बहुतेक घरांत नवरा, भाऊ किंवा मुलगा. त्यालाच अंधारात ठेवून जागृती करायची हा उफराटा कारभार आहे. शिवाय हा आजार पुरुषांनाही होतो, शंभर रुग्णांमागे साधारण एक पुरुष असतो. त्या पुरुषाला तर हा आपला आजारच वाटत नाही.

रंगानं मजकूर गिळण्याची गोष्ट फेसबुकच्या आधीची आहे. शार्लट हेली नावाची एक बाई १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, पीच रंगाच्या फिती बनवत असे. तिच्या आजीला, बहिणीला आणि मुलीला हा आजार झालेला. पाच-पाच फिती एका कार्डावर लावून ती वाटायची, आणि त्या कार्डावर लिहिलेलं असायचं की अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं वर्षाचं बजेट १.८ अब्ज डॉलर आहे आणि त्यातला फक्त ५ टक्के पैसा प्रतिबंधावर जातो. आणि खाली आवाहन : आपल्या कायदेमंडळाला जागं करा. १९९२ मध्ये ‘सेल्फ’ मासिकानं तिच्याकडे ती फीत मागितली. तिनं साफ नकार दिला, तिला हे सगळं बाजारू वाटलं. वकिलांनी मासिकाला सल्ला दिला की रंग बदला. रंग बदलला, गुलाबी झाला, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवरून ती फीत जगभर गेली. हेलीबाईंचं कार्ड मात्र कुठेच गेलं नाही. त्यावर आकडा होता, मागणी होती, आणि ती कोणाकडे करायची याचा पत्ताही होता. आज गुलाबी रंग सगळ्यांना ओळखता येतो. त्या कार्डावरचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

२०१० च्या त्या रंगांच्या खेळावर ज्यांनी लिहिलं, त्यांत सुसान नीबर होत्या. ग्रहांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ, नासात काम केलेल्या, दोन लहान मुलांची आई. २००७ मध्ये त्यांना इन्फ्लमेटरी प्रकारचा स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेत स्तन काढून टाकल्यावर ज्या बाईला ब्राची गरजच उरलेली नाही, तिनं मैत्रिणींच्या भिंतींवर दिवसभर हे रंग वाचायचे. तिला त्या दिवशी काय वाटलं असेल, एवढा विचार निरोप पाठवणाऱ्यांनी केला नाही. २०१२ मध्ये नीबर गेल्या. त्यांना झालेल्या प्रकारात बहुतेकदा गाठ नसतेच. स्तन सुजतो, गरम लागतो, लाल होतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर तो लालपणा चटकन दिसत नाही, जांभळट किंवा काळपट छटा येते, आणि जंतुसंसर्ग समजून आठवडे निघून जातात. रंगच लिहायचा होता तर हा लिहायला हवा होता. एका ओळीत मावतो.

कोणी म्हणेल, निदान लोक बोलले तरी. मला हे पटत नाही. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडात युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ लोक छातीवर लाल पॉपीचं फूल लावतात. काहींना ते चारचौघांत छातीवर लावायला दिलं, काहींना पाकिटात घालून गुपचूप. पुढे गेल्यावर देणगी मागितली, तर पाकिटवाल्यांनी फूल मिरवणाऱ्यांपेक्षा जास्त पैसे दिले. खूण दाखवून झाली की अनेकांना आपलं कर्तव्य आटोपल्यासारखं वाटतं. ब्राचा रंग लिहून मोबाईल खाली ठेवणारीला तसंच वाटलं असणार, आणि त्याचा दोष मी तिच्यावर टाकत नाही. तिला पुढची पायरी कोणी दाखवलीच नव्हती.

पायरी दाखवली की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. २०१४ च्या मार्चमध्ये ब्रिटनमधल्या बायका मेकअप न करता काढलेले स्वतःचे फोटो टाकत होत्या, नाव पुन्हा कर्करोगाचंच. सुरुवातीला तोही पोकळ प्रकार होता. मग लोकांनी आणि कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेनं फोटोबरोबर एसएमएसनं ३ पौंड देण्याचा नंबर फिरवला. सहा दिवसांत ८० लाख पौंड जमले. बायका त्याच, फोटो तेच. फोटोखाली नंबर आला, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या मुंबईत या. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतल्या २० वस्त्या निवडल्या. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी, अशा चार फेऱ्या. या तपासणीत मॅमोग्राफीचं महागडं यंत्र नाही. तपासायला कोण, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. बाईनं हात डोक्यामागे घेऊन पडायचं, आणि सेविकेनं मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलकं, मग थोडं दाबून, मग खोल, गळपट्टीच्या हाडापासून काखेपर्यंत बोटभर जागाही न सोडता चाचपायचं. निप्पल आत ओढलं गेलंय का, त्यातून पाणी किंवा रक्त येतंय का, कातडीला खळी पडलीय का, ते बघायचं. मग हजारो घरांचे जिने चढून वर्षानुवर्षं पाठपुरावा. निष्कर्ष २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायलाच हवं. तरीही बोटांनी केलेल्या तपासणीनं एवढं साधलं, ही साधी गोष्ट नाही. त्या सेविकांसाठी कोणी कधी स्टेटस बदललं नाही.

आणि देशभरातलं चित्र काय? २०१९ ते २१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, स्तनाच्या कर्करोगासाठी तुमची तपासणी कधी झाली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या ०.९ टक्के. हजारात नऊ.

तिशी ओलांडलेल्या बायकांसाठी ही तपासणी सरकारी योजनेत आहे, गावच्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात, मोफत. आशाताई घरी येऊन जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात स्तनातली गाठ, निप्पलमधून येणारं रक्त आणि आकारातला बदल, तिन्ही प्रश्न आहेत. बहुतेक घरांत त्यांची उत्तरं दारात उभ्या-उभ्या, सासूच्या नाहीतर दिराच्या देखत, ‘नाही, नाही, नाही’ अशी दिली जातात. तेव्हा पुढच्या खेपेला आशाताई आल्या की त्यांना आत बोलवा, बसवा, दार लोटून घ्या आणि खरं उत्तर द्या. घरातल्या पुरुषांनी तेवढा वेळ बाहेर थांबावं, आणि तपासणीचा दिवस ठरला की सोबत जावं. ग्रुपवर पाठवायचंच असेल तर आपल्या उपकेंद्राचं नाव आणि तपासणीचा वार पाठवा, पुरुषांच्या ग्रुपवरही.