आर्ची-मीमांसा : पांढरकवडा परिसरातील एका विरळ स्त्रीनामाचा उद्गम, प्रसार आणि वर्गीकरण

१. विषयप्रवेश

नामविद्येच्या अभ्यासकाला यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा हे गाव दोन कारणांनी टाळता येत नाही. पहिले कारण प्रशासकीय आहे. तालुका केळापूर, परंतु तालुक्याचे ठिकाण पांढरकवडा. एकाच स्थळाला कागदावर एक आणि तोंडी दुसरे नाव असण्याचा संस्कार येथील नागरिकावर दाखल्यासाठी पहिला अर्ज भरतानाच होतो. या अवस्थेस आम्ही ‘द्विनामत्व’ म्हणतो. दुसरे कारण वन्य आहे. गावापासून जवळच १४८.६३ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे नाव वरकरणी पुल्लिंगी दिसते. त्याच्या मुळाशी मात्र टिपाई ही देवी आहे. सारांश, या भूभागात स्त्रीनाम नेहमी तळाशी असते आणि ते खणून काढावे लागते.

या अभयारण्यातील ज्या वाघिणीने पर्यटकांचे लक्ष वेधून घेतले, तिचे नाव आर्ची. प्रस्तुत निबंध त्या वाघिणीविषयी नाही. तिची लांबी, वजन, शिकार व अपत्यसंख्या हे प्राणिशास्त्राचे गौण विषय होत. आमचा विषय तिचे नाव हा आहे.

२. व्याख्या

‘आर्ची’ म्हणजे अर्चना या तत्सम नामाचा असा गृह्य संक्षेप, की जो उच्चारण्यास उंबरठ्याच्या आतील अधिकार लागतो आणि जो शिधापत्रिकेवर कधीही आढळत नाही.

मराठीत या संक्षेपाची प्रक्रिया नियमबद्ध आहे. मंगलाची मंगी होते, वंदनाची वंदी होते, सुमनची सुमी होते. सर्वत्र नामाचा उत्तरभाग लोपतो व त्याच्या जागी दीर्घ ईकार येतो. आर्चीच्या बाबतीत मात्र आद्य अकारही दीर्घ झाला आहे. या घटनेस आम्ही ‘लोपभरपाई’ अशी संज्ञा देतो. मागच्या ‘ना’चे नुकसान पुढच्या ‘आ’ने भरून काढले, हे त्या नामाच्या स्वाभिमानाचे लक्षण मानले पाहिजे. मंगीला हे सुचले नाही.

३. उद्गमविषयक संप्रदाय

(क) धातुवादी संप्रदाय. या मतानुसार नाम ‘अर्च्’ या धातूपासून निघते. अर्चि म्हणजे ज्वाला, किरण. छांदोग्य व बृहदारण्यक या दोन्ही उपनिषदांत देवयान मार्गाचे जे टप्पे दिले आहेत, त्यांतील पहिला अर्चि हाच आहे. पुढे दिवस, शुक्ल पक्ष आणि उत्तरायणाचे सहा महिने असा क्रम लागतो. म्हणून त्याला अर्चिरादि मार्ग म्हणतात. धातुवाद्यांचे म्हणणे असे की टिपेश्वरातील वाघदर्शनाचा हंगाम या क्रमाशी तंतोतंत जुळतो. वाघ सर्वाधिक दिसतात ते एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ऐन उत्तरायणात. आणि पावसाळ्यात, दक्षिणायन लागले की अभयारण्याचे दरवाजे बंद होतात. अर्चिरादि मार्गाने गेलेला जीव परत येत नाही, असे उपनिषद सांगते. पर्यटक मात्र पुढच्या मे महिन्यात परत येतो. या विसंगतीचे निरसन संप्रदायाने अद्याप केलेले नाही.

(ख) पौराणिक संप्रदाय. भागवताच्या चौथ्या स्कंधात वेन राजाच्या बाहूंचे मंथन झाल्याची कथा आहे. त्या मंथनातून एक जोडपे प्रकटले : पृथू आणि त्याची पत्नी अर्चि. पृथू विष्णूचा अंश, अर्चि लक्ष्मीचा. धान्य गिळून बसलेली भूमी गायीचे रूप घेऊन पळाली, तेव्हा पृथू धनुष्य घेऊन तिच्यामागे धावला. पुढे त्याने तिचे दोहन केले आणि तिला कन्या मानले. त्यावरून ती पृथ्वी.

हा संप्रदाय येथे थांबत नाही. पांढरकवडा वनविभागातील टी-१ या वाघिणीस ‘अवनी’ हे नाव पडले होते आणि अवनी म्हणजे पृथ्वीच. म्हणजे पृथ्वी पृथूची मानलेली लेक, तर अवनी ही ओघानेच अर्चीची मानलेली लेक ठरते. दोन्ही नावे एकाच तालुक्याच्या आसमंतात वाघिणींना मिळावीत, हा योगायोग मानण्यास पौराणिकांचा ठाम नकार आहे.

(ग) चित्रपटवादी संप्रदाय. अनुयायांची संख्या या संप्रदायात सर्वाधिक व वाचन सर्वांत कमी आहे. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील अर्चना पाटील ऊर्फ आर्ची ही भूमिका रिंकू राजगुरू यांनी केली. बुलेट व ट्रॅक्टर या दोन्ही वाहनांवर अधिकार गाजवणारी ही नायिका गाजली आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला. या संप्रदायाच्या मते वाघिणीचे नाव थेट येथूनच आले.

पूर्वप्रमाण म्हणून हे विद्वान विदर्भातीलच दाखला देतात. नागझिऱ्यात जन्मलेल्या दोन वाघ-भावांना १९७५ सालच्या ‘शोले’वरून जय आणि वीरू ही नावे मिळाली होती. त्यांतील जय उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जाऊन कीर्तिमान झाला आणि एप्रिल २०१६ मध्ये दिसेनासा झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘सैराट’ पडद्यावर आला. विदर्भाच्या व्याघ्रनामेतिहासात शोलेयुग आणि सैराटयुग यांचा संधिकाल इतक्या अचूकपणे एकाच महिन्यात पडतो. इतक्या सुस्पष्ट कालसीमा सातवाहनांच्या बाबतीतही हाती लागत नाहीत.

(घ) भेटकार्डवादी संप्रदाय. तालुक्यातालुक्यातून शुभेच्छापत्रे पोहोचवणारी आर्चीज ही कंपनी १९७९ साली सुरू झाली. तिच्याही आधी, १९४१ साली अमेरिकेतील चित्रकथेत आर्ची नावाचा तांबड्या केसांचा तरुण अवतरला होता. नामाचा उगम तेथे शोधणारे काही अभ्यासक आहेत. परंतु तो आर्ची पुरुष आहे. शिवाय तो गेली आठ दशके दोन मुलींपैकी कोणती, हे ठरवू शकलेला नाही. ज्यांनी ‘सैराट’मधील आर्चीचा निर्णयवेग पाहिला आहे, त्यांना या संप्रदायाचे वेगळे खंडन नको.

(ङ) समन्वयवादी संप्रदाय. २० जुलै २०१८ रोजी ‘सैराट’चा हिंदी अवतार ‘धडक’ आला. त्यात आर्चीची झाली पार्थवी. पार्थव म्हणजे पृथूचा, पृथूसंबंधी. म्हणजे पुराणातील अर्चि पृथूची, हिंदीतील आर्ची पार्थवी, आणि त्याच वर्षी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आलेली अवनी म्हणजे पृथ्वी. समन्वयवाद्यांच्या मते धातुवाद, पुराण आणि चित्रपट यांत मुळातच भेद नाही. भेद फक्त तिकीट काढणाऱ्यांच्या दृष्टीत आहे. प्रस्तुत लेखकाचा कल याच मताकडे आहे.

४. आर्चीचे प्रकार

उच्चारस्थान व उच्चारहेतू यांवरून आर्चीचे पाच प्रकार संभवतात.

(१) अंगणार्ची : सांजेला अंगणातून मारलेली हाक. शेवटचा ईकार दोन घरे ओलांडतो. प्रतिसाद तिसऱ्या हाकेला मिळतो.

(२) शालार्ची : हजेरीपटावर अर्चना, मधल्या सुट्टीत आर्ची.

(३) क्रोधार्ची : हा अभावरूप प्रकार होय. दूध उतू गेले की आईच्या मुखातून संक्षेप नाहीसा होतो व संपूर्ण ‘अर्चना’ प्रकटते. प्रसंग अधिक गंभीर असल्यास वडिलांचे नाव व आडनावही जोडले जाते. यावरून सिद्धांत असा, की नामाची लांबी ही क्रोधाच्या सम प्रमाणात असते.

(४) पटार्ची : पडद्यावरील. येथे नाम सर्वांना ठाऊक, परंतु हाक मारण्याचा अधिकार फक्त ‘सैराट’चा नायक परश्या याला.

(५) वनार्ची : जिला हाक मारता येत नाही, केवळ जिच्याविषयी बोलता येते. हा प्रकार टिपेश्वरात आढळतो.

पाचव्या प्रकाराचे क्षेत्रीय उदाहरण सुन्ना गेटवरील आहे. सकाळची फेरी आटोपून दोन जिप्सी समोरासमोर थांबतात आणि चालकांमध्ये पुढील संवाद घडतो :

“काय गा, झाली का सायटिंग?”

“झाली ना! आर्ची होती पाण्यावर.”

“आमाले नाही भेटली बावा.”

येथे ‘वाघीण’ हा शब्द एकदाही आलेला नाही. ‘भेटली’ हे क्रियापद विशेष मननीय आहे. बिबट्या दिसतो, अस्वल दिसते, रानगवा दिसतो, आर्ची भेटते. नाव मिळालेल्या प्राण्याचे दर्शन हे व्याकरणदृष्ट्या गाठभेटीत रूपांतरित होते आणि न दिसल्यास तो आपला अपमान समजला जातो.

५. ज्योतिषीय बाजू

वनखात्याच्या दप्तरात वाघाची नोंद ‘टी’ या अक्षरापुढे अंक घालून होते. अवकहडा चक्रानुसार मो, टा, टी, टू ही पूर्वा फाल्गुनी नक्षत्राची अक्षरे असून रास सिंह येते. म्हणजे खात्याने आपल्या ताब्यातील समस्त वाघांना, एकही ज्योतिषी न नेमता, सिंह राशीत बसवले आहे. टिपाई व टिपेश्वर यांची रासही तीच.

परंतु ‘आर्ची’ म्हणताच आद्याक्षर अकारवर्गी होते. कृत्तिकेचा पहिला चरण, म्हणून रास मेष. कृत्तिकेची देवता अग्नी असल्याने धातुवाद्यांना येथे समाधान लाभते. मात्र मेष म्हणजे मेंढा. सरकारी कागदावर सिंह असलेली वाघीण लोकांच्या तोंडी मेंढा होते, हा लोकप्रियतेचा दुष्परिणाम होय. २९ मार्च २०२५ रोजी शनी मीन राशीत गेल्यापासून मेषेला साडेसाती आणि सिंहेला आठवा शनी असल्यामुळे नाव बदलूनही सुटका नाही, हे नमूद करणे क्रमप्राप्त आहे.

६. नामसंक्रमण

वनखात्याची पद्धत मातृनामक आहे, याकडे इतिहासकारांचे दुर्लक्ष झाले आहे. टिपेश्वरच्या टी-१ या वाघिणीच्या (ही अवनी नव्हे, क्रमांक तेवढा तोच) पिल्लाचे नाव सी-१. पूर्ण नोंद आईच्या क्रमांकासह. गौतमीपुत्र सातकर्णीनंतर महाराष्ट्रात ही परंपरा इतक्या निष्ठेने कोणी चालवली असेल तर ती वनखात्यानेच. दाखल्यांवर आईचे नाव लावण्याचा नियम राज्य शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना लागू केला. वाघांना तो त्यापूर्वीच लागू होता.

हाच सी-१ जून २०१९ मध्ये घरून निघाला, तेलंगणाचा काही भाग तुडवून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला आणि एकूण तीन हजार किलोमीटरहून अधिक चालला. त्याला ‘वॉकर’ हे नाव पडले. हे कर्मनाम होय : आधी चाल, मग नाव. आर्ची हे छंदनाम : आधी नाव, मग त्याला साजेशा वर्तनाची अपेक्षा.

अवनीची गोष्ट वेगळी आहे. कागदावर ती टी-१ होती. तिला वाचवण्यासाठी शहरांतून निघालेल्या निवेदनांत ती अवनी होती. ज्यांना दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला शेतात जायचे होते, ज्यांच्या घरची माणसे वाघाच्या हल्ल्यात गेली होती, त्यांना तिच्या नावाची गरज नव्हती. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. एकाच जीवाला एका ठिकाणी क्रमांक असतो, दुसऱ्या ठिकाणी नाव असते, तिसऱ्या ठिकाणी काहीच नसते, आणि नाव जितके गोड तितका ते घेणारा जंगलापासून दूर असतो, हा नियम येथे नोंदवून हे प्रकरण यथोचित गांभीर्याने मिटतो.

७. आक्षेप आणि परिहार

आक्षेप : वाघिणीची संमती नसताना तिचे नामकरण वैध कसे?

परिहार : बाराव्या दिवशी पाळण्यातल्या मुलीचीही संमती घेतली जात नाही. आत्या कानाशी येऊन नाव सांगते व ‘कुर्र’ करते, मूल रडते, रडणे ही संमती समजून घुगऱ्या वाटल्या जातात. वनात आत्येचे कार्य गाइड करतो. कानापर्यंत जाण्याची अट तेवढी शिथिल केलेली आहे.

आक्षेप : लग्नानंतर नाव बदलल्यास आर्चीचे काय होते?

परिहार : ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिले जाते ते सासरचे नाव. त्यामुळे कागदावरची अर्चना बदलू शकते; आर्ची बदलत नाही, कारण ती कधी कागदावर नव्हतीच. माहेरच्या फाट्यावर एस.टी.तून उतरताच ती पूर्ववत सिद्ध होते.

८. सिद्धांत

वरील विवेचनातून प्रस्तुत शाखेचा मूलभूत सिद्धांत निष्पन्न होतो : नाव हे धारण करणाऱ्याचे नसून हाक मारणाऱ्याचे असते. वाघिणीला आपण आर्ची आहोत हे ठाऊक नाही आणि त्यावाचून तिचे काही अडत नाही. अडते ते गेटवर उभ्या असलेल्यांचे. कारण काय भेटले, हे त्यांना सांगता आले पाहिजे. कोणत्याही विरळ नामाच्या लोकप्रियतेचे गणित म्हणूनच नावधारक मोजून सुटत नाही. एक आर्ची आणि तिचे नाव घेणाऱ्या जिप्सीच्या जिप्सी, हे प्रमाण ध्यानात घेतल्यास सर्वांत विरळ नामही सर्वांत प्रचलित असू शकते.

अतएव शिफारस अशी, की नावांचाही सातबारा उतारा असावा. त्यात भोगवटादार म्हणून हाक मारणाऱ्याची नोंद व्हावी आणि नावधारकाचा उल्लेख ‘इतर हक्क’ या रकान्यात करावा. फेरफारासाठी अर्ज केळापूरच्या तहसीलदारांकडे करावा लागेल. कचेरी पांढरकवड्यास आहे.