जन्मठेप : पाच रात्री, सहा दिवस

काय सांगू, तिसऱ्या मजल्यावरचेसुद्धा गेले! ज्यांनी आजवर महाबळेश्वरच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं, ते सासूबाई, नातू आणि चिवड्याचे दोन डबे घेऊन अंदमानला जाऊन आले. सध्या सोसायटीच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. कुणाच्या काकू पाण्याखाली माशांना अंगठा दाखवताहेत, कुणाचे जावई हाफ चड्डीत नारळपाणी पिताहेत. आणि ज्यांचं बुकिंग झालेलं नाही, ते "यंदा धाकट्याची दहावी ना, म्हणून थांबलो हो" असं कुणी न विचारता सांगत सुटलेत.

एकेकाळी घरातलं माणूस अंदमानला गेलं की घरचे त्याच्या नावानं पाणी सोडत. आता विमानतळावर सोडायला अख्खं खानदान येतं आणि "पोचलास की लोकेशन टाक" म्हणून बजावतं. सावरकरांना १९११मध्ये 'महाराजा' नावाच्या बोटीतून बेड्या घालून नेलं होतं. आपण त्यांच्याच नावाच्या विमानतळावर चेन्नईहून दोन-सव्वादोन तासांत उतरतो आणि उतरल्याउतरल्या पहिली तक्रार करतो, की इथला चहा पाणचट आहे.

बरं, मुक्काम कुठं? तर हॅवलॉकला! शांतं पापम्! हा हॅवलॉक कोण, तर १८५७च्या जुलैत कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवणारा जनरल. त्याच्या जोडीचा नील त्याहून जहाल. अलाहाबादेत त्यानं माणसं झाडांना लटकवली. दोघंही त्याच वर्षी लखनौला मेले आणि इंग्रजांनी त्यांची नावं दोन देखण्या बेटांना देऊन टाकली. आता कसब्यातली पोरगी हातावरची मेंदी उतरायच्या आत नवऱ्याचा हात धरून या दोघांच्या बेटांवर मधुचंद्राला जाते, आणि शनिवारवाड्याला याचा पत्ता नाही! सरकारनं डिसेंबर २०१८मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप केलं, नीलचं शहीद द्वीप, आणि २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम. पण बोटीच्या खिडकीशी उभं राहून "दोन स्वराज द्या" म्हणणारा माणूस अजून ऐकिवात नाही.

हॅवलॉकचा राधानगर किनारा मात्र खरोखर देखणा, त्याला नाव ठेवायला जागा नाही. 'टाइम' साप्ताहिकानं २००४मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं होतं. आपल्या मंडळींनी तिथं एक नवाच प्रघात पाडलाय. सूर्य बुडायला लागला की टूरमधले कुणीतरी काका घसा खाकरतात आणि सावरकरांची ती सागराला उद्देशून लिहिलेली कविता सुरू करतात. माना डोलतात, काकूंचे डोळे भरतात, व्हिडिओ निघतो. आता एवढ्या भरल्या डोळ्यांना कुणी सांगावं, की ती कविता इंग्लंडात, ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेली आहे आणि तेव्हा त्यांनी अंदमान पाहिलंही नव्हतं? एकानं सांगून पाहिलं म्हणे. परतीच्या प्रवासात त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही.

दुसरा प्रघात नोटेचा. वीस रुपयांच्या जुन्या तांबूस नोटेवर माडांच्या मागं दीपगृह दिसतं ना, तो नॉर्थ बेचा देखावा. म्हणून निघायच्या आधी घरातले सगळे फडताळ उपसून जुनी वीसची नोट शोधतात आणि बोटीतून ती समुद्रावर धरून फोटो काढतात. नव्या नोटेवर वेरूळ आहे. घरापासून जवळ, पण तिथं जायला कुणाला वेळ नाही.

आणि जेल! सेल्युलर जेलमधली मराठी गर्दी लांबून ओळखू येते. तिकीट काढलं की ती इकडंतिकडं न बघता थेट जिना चढते. सर्वांत वरचा मजला, टोकाची दुहेरी दारांची सावरकरांची कोठडी. बाहेर चपला काढायच्या, आत नमस्कार, फोटो, "बाळा, हात जोड, हसू नकोस" म्हणून पुन्हा फोटो, आणि खाली. भक्तीबद्दल तक्रार नाही. पण १९०६मध्ये हा तुरुंग पुरा झाला तेव्हा तिथं ६९३ कोठड्या होत्या, सात पाखी होती. त्यातली तीन पाखी आज शिल्लक आहेत, त्यांतही बघण्यासारखं पुष्कळ आहे. एका पाख्याच्या तोंडासमोर दुसऱ्या पाख्याची पाठ येईल अशी ती रचना. दाराच्या गजाला नाक लावलं तरी दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये, एवढ्यासाठी कुणा साहेबानं डोकं चालवलेलं. सावरकरांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. त्यांची कोठडी कुठली, हे विचारणारा एकही आवाज त्या जिन्यावर ऐकू येत नाही. बाकीची नावं तर बहुतेक बंगाली आणि पंजाबी. १९३३च्या मे महिन्यात उपोषणाला बसलेल्या महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र यांच्या घशात बळजबरीनं नळीवाटे दूध ओतलं, त्यात तिघांचा जीव गेला. समोरच्या बागेत त्यांचे पुतळे आहेत. आपली मंडळी त्यांच्या सावलीत बसून बाकरवडीचं पाकीट फोडतात.

आवारात कोलूही मांडून ठेवलाय, माणूस बैलासारखा जुंपायचा तो. दिवसाला तीस पौंड खोबरेल निघालंच पाहिजे, नाहीतर पाठीवर फटके. हे ऐकून एक ताई हळहळल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे लाकडी घाण्याचं! आता तेच किती महाग मिळतं."

एवढं सगळं चघळून झाल्यावर आता खरं काय ते सांगते. शिक्षेच्या बेटावर मजा करायची कल्पना आपली नव्हेच. जेलसमोरच्या रॉस बेटावर जाऊन या, सगळा उलगडा होतो. १८५८मध्ये कैद्यांची वसाहत बसली आणि साहेबानं स्वतःसाठी हे चिमुकलं बेट निवडलं. कैद्यांकडून जंगल तोडून घेतलं आणि मग काय थाट! चर्च, बेकरी, टेनिस कोर्ट, पोहण्याचा तलाव, आणि नाचण्यासाठी बॉलरूम. शिकारीची हौस भागावी म्हणून चितळही बाहेरून आणले. पलीकडं कोलू फिरतोय आणि अलीकडं बँड वाजतोय, मध्ये पाण्याची एवढीशी पट्टी. १९४१च्या भूकंपानं पडझड केली, पुढच्या वर्षी जपानी आले आणि साहेब गेले ते गेले. आज त्या बॉलरूमच्या भिंती वडापिंपळाच्या मुळांनी आवळून धरल्यात, आणि त्या चितळांची पिल्लावळ आपल्या पोरांच्या हातून बिस्किटं खाते. साहेबाचं कुटुंब तिथं सुट्टीत राहावं तसं वर्षानुवर्षं राहिलं. त्यामानानं आपली काकू निळ्या टोपीत सी-वॉक करते, ते फारच सोज्वळ झालं.

तेव्हा स्कूबा करा, झिंगे खा, हवं तर कविता म्हणा. ज्यांना तिथं डांबून ठेवलं, त्यांच्या पणतवंडांचं पोट आज तुमच्याच येण्यावर चाललंय. गाडीवाल्याला जरा विचारा, त्याचं घराणं कुठून आलं. कुणाचे पणजोबा कैदी असतात, कुणाचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेले, कुणाचे रांचीकडून जंगलतोडीला आणलेले. "फिश थाळी कुठं चांगली मिळते" याच्यापुढं आपला प्रश्न जातच नाही.

एका गोष्टीवर मात्र मला लटकं नाही, खरंच डोळे वटारायचे आहेत. बाराटांगची चुनखडीची गुहा पाहायला मंडळी पहाटे तीनला उठतात, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते आणि ताफा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. फोटो काढायला बंदी, थांबायला बंदी, खायला द्यायला बंदी. तरी गाडीत कुजबुज गुहेची नसते. "दिसतील का हो? मागच्या ग्रुपला दोन दिसले." हा रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्येच सांगितलं होतं, रस्ता चालूच आहे. जारवा काही शेकडाच आहेत. इंग्रज आले तेव्हा ग्रेट अंदमानी लोक हजारोंनी होते, आता पन्नासेक आहेत, आणि ते बहुतांशी गोऱ्यांनी आणलेल्या रोगांनी गेले. एवढं ठाऊक असून खिडकीला नाक लावून बसणाऱ्याला मी सोसायटीच्या गणपतीत आरतीचं तबक धरू देणार नाही.

बाराटांगचा दिवस वाचवा आणि तो जेलला द्या, सगळे जिने चढा. आणि हो, अंदमान इतकं पूर्वेला आहे, की डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. दुपारची झोप काढून साडेपाचला किनाऱ्यावर गेलात तर अंधारच बघाल; टूरवाल्याशी भांडू नका.