तारवाले साहेब

केंटमध्ये आमच्या शेजारी एक निवृत्त साहेब राहतात. उन्हाळ्यात एखादी स्पिटफायर घरांवरून घरघरत गेली की अख्खी गल्ली माना वर करून खूश होते. साहेबांचं तोंड तेवढं उतरतं. “तार नाही,” म्हणतात आणि आत जातात.

तार म्हणजे कॉकपिटमागच्या खांबापासून शेपटापर्यंत ताणलेली एरियल. 1940च्या उन्हाळ्यात बहुतेक स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत टीआर-नाईन-डी हा शॉर्टवेव्ह रेडिओ होता, त्याची ती तार. पुढे व्हीएचएफ आला, तार गेली, नुसता खांब उरला. इंग्लंडने युद्ध जिंकलं हे साहेबांना मान्य आहे. पण चांगले दिवस तारेबरोबरच गेले.

खरं तर तो रेडिओ यथातथाच. जमिनीशी बोलणं जेमतेम पस्तीस मैलांपर्यंत, विमानाविमानांत पाचेक मैल, वर खरखर. हे साहेबांसमोर बोलायची सोय नाही. त्यांच्यासोबत युद्धपट बघायला तर बसूच नये. नायकाने रेडिओचं बटण दाबलं की हे ओरडतात, “ए, बी, सी, डी बटणं व्हीएचएफची! टीआर-नाईनला केबल ओढणारी तरफ होती!” तरफेचं पुराण संपेपर्यंत नायक बिचारा मरून गेलेला असतो.

त्यांचा स्वतःचा टीआर-नाईन शेडमध्ये टेबलावर आहे. झाकण काढून टॉर्चच्या उजेडात दाखवतात: तडकलेल्या आवरणाच्या वायरी, काळवंडलेले व्हॉल्व्ह, आणि त्यांच्यावर धुळीचा थर. धूळही ओरिजिनल, त्यामुळे पुसायची नाही. “चालतो का?” मी विचारलं. “चालवायचा तर जुने कपॅसिटर बदलावे लागतील,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते अजिंठ्याच्या चित्रांना डिस्टेंपर मारा म्हणणाऱ्याकडे पाहावं तसं.

या संग्रहात उणीव एकाच वस्तूची, आणि त्यापायी साहेबांची झोप उडालेली. रेडिओला एक घड्याळ जोडलेलं असे. दर मिनिटाला 14 सेकंद ते रेडिओला आपोआप सूर सोडायला लावायचं. जमिनीवरची केंद्रं सुराची दिशा घेऊन विमान कुठे आहे ते काढत. याचं नाव पिप-स्क्वीक. ते चालू आहे ना, हे विचारायची कंट्रोलरची सांकेतिक भाषा अशी: “तुमचा कोंबडा आरवतोय का?” कोंबडा आरवत असताना वैमानिकाला बोलता येत नसे, शत्रू शेपटाशी आला तरी 14 सेकंद तोंड बंद.

आम्ही मुंबईला निघालो तेव्हा साहेब कुंपणाशी आले. तुमच्या हवाई दलानेही ब्रह्मदेशात हरिकेन आणि स्पिटफायर उडवल्या, तेव्हा चोरबाजारात एखादं घड्याळ नक्की पडलेलं असेल, हा त्यांचा तर्क. सोबत घड्याळाचा फोटो, मागून, पुढून आणि स्क्रूंसकट. येताना बॅगेत भाजणी आणि कुळथाचं पीठ यांतून जागा उरत नाही, हे मी सांगायला तोंड उघडलं, तोच त्यांच्या बाईसाहेब मागून आल्या.

“आणाच,” त्या हळूच म्हणाल्या, “पैशांकडे बघू नका. मिनिटाला 14 सेकंद, म्हणजे तासाला 14 मिनिटं गप्प!”