हरावे तर मोठ्याकडून

करमाळ्यातील समस्त बुद्धिबळप्रेमींचे जाहीर अभिनंदन! कट्ट्यावर पट मांडून शेजाऱ्याकडून हरण्याची मागास प्रथा मोडीत काढून त्यांनी मोबाइलवर थेट जगातला सर्वांत बलाढ्य बुद्धिबळ प्रोग्रॅम 'स्टॉकफिश' प्रतिस्पर्धी नेमला आहे. निवड शास्त्रशुद्ध आहे. मॅग्नस कार्लसनचे सर्वोच्च मानांकन २८८२. स्टॉकफिश त्याच्याही कितीतरी पुढे, शिवाय फुकट. १९९७ साली सेकंदाला २० कोटी स्थिती तपासणाऱ्या 'डीप ब्लू' संगणकाने कास्पारोव्हला हरवले होते. म्हणजे यंत्राकडून बाराव्या चालीत मात खाल्ली, की आपण आणि कास्पारोव्ह एकाच पंगतीत! शेजाऱ्याकडून हरलो तर बातमी एसटी स्टँडपर्यंत जाते. स्टॉकफिश कुठे बोलत नाही.

याच न्यायाने यंदा जत्रेच्या फडात पैलवानांची जोड जेसीबीशी लावावी. पाठीला माती लागेल, पण इभ्रतीला नाही.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५चा महिला विश्वचषक जिंकला खरा, पण निव्वळ माणसांना हरवून. एवढ्या खाली उतरणे आपल्याला शोभणार नाही.

ता. क. : स्टॉकफिशची ताकद शून्य ते वीस अशी कमी-जास्त करता येते. शून्यावर हरल्यास स्क्रीनशॉट काढू नये.