कालची पोरं

आमचे डॅनिश शेजारी सत्तरीचे, निवृत्त. मनातल्या मनात मी त्यांना 'दगडआजोबा' म्हणतो. उघडपणे मात्र नुसतं नाव घ्यावं लागतं; डेन्मार्कमध्ये आजोबांशीही अरे-तुरेच.

एरवी माणूस घड्याळाचा. चारच्या कॉफीला मी चार वाजून पाच मिनिटांनी पोचलो, तर दारातच विचारलं, "वाटेत अपघात झाला का?" पण इतिहास निघाला की हजार-पाचशे वर्षं त्यांच्या खिजगणतीत नाहीत. व्हायकिंग म्हणजे कालची पोरं. "आले, आरडाओरडा केला, गेले." त्यांची खरी माणसं इ.स.पू. 3500 च्या आसपासची : क्रेन नसताना टनांच्या शिळा चढवून मेलेल्यांसाठी घरं बांधणारे शेतकरी.

एका रविवारी ते मला आल्स बेटावर 'बीचच्या जंगलात' घेऊन गेले. मी टॉवेल घेतला होता. बीच हे झाड निघालं.

ब्लोमेस्कोबेलच्या त्या रानात चार थडगी आहेत, दोन लांबट, दोन गोल. कडेनं शिळांची रांग, आत शिळांचीच खोली. मी टेकायला गेलो तर आजोबा ओरडले, "ऊठ! 1937 पासून कायद्याचं संरक्षण आहे." त्याआधी लोकांनी अशा शिळा फोडून चर्चना आणि रस्त्यांना वापरल्या. मध्ययुगातल्या त्या गवंड्यांवरचा आजोबांचा राग अजून ओसरलेला नाही. राजांपैकी ते एकट्या सातव्या फ्रेडरिकला मानतात. 1857 साली, आपल्याकडे बंड पेटलं होतं तेव्हा, या राजानं अशी थडगी कशी बांधली यावर चक्क निबंध छापला.

"तुमच्याकडे काय आहे?" त्यांनी विचारलं. मी छाती फुगवून अजिंठा सांगितला, सुरुवात इ.स.पू. दुसरं शतक. त्यांनी पाठ थोपटली. "छान. नवीन काम आहे." मग मी नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं काढली, लोहयुगातली, तीही दफनाचीच. ते जरा विचारात पडले. "होतकरू आहेत."

पुढच्या रविवारी म्योन बेटावरचं 'कोंग आस्गर्स होय' हे थडगं. लांबलचक, बुटका बोळ. बॅटरी दातांत धरून आजोबा पुढे, मी मागे. अशा थडग्यांत फटी बुजवायला भूर्जाची साल घालत, वर भाजलेल्या गारगोटीचा चुरा पसरत, म्हणजे पाणी आत झिरपत नसे. मला डोंबिवलीतली आमची गच्ची आठवली. दरवर्षी वॉटरप्रूफिंग, दरवर्षी बादली.

"इथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं ठेवत," आजोबा कुजबुजले. "नवा आला की जुन्यांची हाडं कोपऱ्यात सरकवायची."

म्हणजे लोकलची चौथी सीट! मी हसलो. आजोबा हसले नाहीत. ते भिंतीला टेकून बसले, थर्मास उघडला, थोडे सरकले आणि शेजारची जमीन थोपटून म्हणाले, "ये. जागा आहे."

चारला पाच मिनिटं होती. कॉफी वेळेवर झाली.