घरी हिरवा होता

तोरंगण घाट उतरून मी शिक्षक म्हणून मोखाड्यात आलो, तो जुलै महिना होता. मी मूळचा सांगोल्याकडचा. आमच्याकडे हिरवं म्हणजे बाभळीचा शेंडा, मिरची आणि नव्या नवरीचा चुडा, संपली यादी. इथे पाहतो तर डोंगर हिरवे, कौलं हिरवी, एसटीच्या थांब्याची भिंत हिरवी आणि आठवडाभर दोरीवर न वाळलेला माझा सदराही त्याच वाटेला लागलेला. एसटीडी बूथवरून घरी कळवलं, "सगळं हिरवंगार आहे." आई म्हणाली, "मग सर्दी झाली असेल."

पण एवढ्या हिरव्यात राहणारी माणसं तो शब्द फारसा खर्च करत नाहीत, हे कळायला मला महिना लागला. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या आजींना म्हटलं, "ती हिरवी भाजी द्या." कोळणीकडे जाऊन "तो पोहणारा मासा द्या" म्हणावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोपलीत टाकळा होता, कुर्डू होती, लोत होतं, माठ होता. मला चारही एकाच झाडाची वाटत होती.

पुढच्या जूनमध्ये शेवळी घेतली. तिचे कोंब तपकिरी-जांभळे, त्यामुळे हिला तरी आपण ओळखलं, याचा आनंद. शेवळीबरोबर काकडाची फळं घालायची असतात, त्यांच्या आंबटाने घशाची खाज मरते, हे आजी सांगत होत्या तेव्हा मी सुटे पैसे मोजत होतो. घसा असा खाजला की दोन दिवस वर्गात तोंड उघडलं नाही. त्या दोन दिवसांत मुलांचं वाचन फार सुधारलं.

मग एक मुलगा सलग तीन दिवस गैरहजर. विचारलं तर म्हणतो, "घरी हिरवा होता." गोवर ऐकला होता, कावीळ ऐकली होती, हे दुखणं नवीन. बिस्किटांचा पुडा घेऊन संध्याकाळी पाड्यावर गेलो. हिरवा हा वारल्यांचा घरचा देव निघाला, मोरपिसांच्या जुडग्यात असलेला. तब्येत उत्तम होती. पुडा त्याच्यापुढेच ठेवला.

गंमत म्हणजे ज्यांच्या देवाचंच नाव हिरवा, त्यांच्या चित्रांत हा रंग शोधून सापडत नाही. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने काढतात, पांढराच. मागे भिंत गेरूची, नाहीतर शेणाची. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती या एका पांढऱ्यावर. मला बारा स्केचपेनांत साधी झोपडी जमत नाही.

शब्द जपून वापरण्याची ही शिकवण वेळेवर अंगी लागली असती, तर बरं झालं असतं. एका मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात बोलायला उभा राहिलो. सांगायचं होतं की साहेब मनाने अजून हिरवेगार आहेत. तोंडातून गेलं, "साहेब मनाने अजून हिरवट आहेत." मंडपात शांतता. साहेबांच्या पत्नीने तेवढी मान डोलावली.

होळीनंतर इथले डोंगर तांबडे पडतात. मे महिन्यात हिरवं उरतं ते विहिरीच्या तळाशी, वीतभर, शेवाळलेलं. बायका ते वाटीने उपसतात आणि टँकरचा आवाज येतो का ते ऐकतात. याच तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण २०१४ सालापासून आहे; त्याचं पाणी मुंबईला जातं. तिथे बंगल्यांपुढची हिरवळ मेमध्येही तशीच असते. तो हिरवा कोणाच्या घरचा देव, ते मला अजून कळलेलं नाही.

जव्हारला दाभोसा पाहायला गर्दी ऑगस्टात होते. तुम्ही मात्र पहिल्या पावसात या. रस्त्याकडेला शेवळी दिसतील, त्या घ्या, आणि सोबत काकडं मागून घ्या. ती खरोखरच हिरवी असतात. नाव विसरलात तर "हिरवी द्या" म्हणा. आजी हसतील, पण देतील.