लोह्याचा माणूस कवा येयलाय?

पुण्यात एका नाटकाच्या तालमीला मला मोठ्या मानानं बोलावलं होतं. एक पात्र मराठवाड्यातल्या लोह्याचं, मीही लोह्याचा; त्याची भाषा तपासून द्यायची होती. पहिलंच वाक्य होतं, "म्या जातुया." मी खोडून लिहिलं, "मी जायलो."

"जायलो म्हणजे गेला की जाणार आहे?" दिग्दर्शक.

"आत्ता जायलाय."

"प्रेक्षकांचा गोंधळ होईल हो. जरा ग्रामीण करा ना."

मग "कामून" गेलं. "हौ" गेलं. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत दिवस काढलेल्या मुलखाच्या तोंडी हैदराबादचा "हौ" असणारच, हे मी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पात्राच्या तोंडी "व्हय" ठेवलं. चहा येईपर्यंत माझा माणूस तिकीट न काढता लोह्याहून कऱ्हाडला पोचला होता.

तक्रार नाही, नोंद आहे. मराठी मालिकांत खेडं एकच असतं आणि त्याला जिल्हा नसतो. तिथं पाण्याचं पानी झालं की माणूस गावचा ठरतो. हवालदार, मोलकरीण, वॉचमन यांच्याकडं "ण" नसतोच. गावचा पोरगा स्पर्धा परीक्षा पास झाला की पुढच्या भागात त्याचा "ण" परत येतो. बहुधा नेमणूकपत्रासोबत देत असावेत.

आई एकदा अशीच एक मालिका बघत होती. म्हणाली, "हे कोण्या गावचं बोलायलेत रे?"

"गावाकडचे आहेत."

"कोणाच्या गावाकडचे?"

कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत संस्कृत बोलतो, शकुंतला शौरसेनी आणि अंगठी सापडलेला कोळी मागधी. उच्चनीचता होतीच, पण गरिबाला निदान स्वतःची प्राकृत तरी होती. आपल्या लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी केली. डोळे मिटून ऐकलं तरी कोण बोलतंय ते कळायचं. आता ५२ नट घेऊन एकच माणूस उभा करतात. खर्चाच्या मानानं हे मला पटत नाही.

राहिला प्रेक्षकांचा गोंधळ. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ची. तिच्यातली पारबती पहिल्या पानापासून आमच्या बाजूच्या बोलीत आपलं दुःख सांगते. ते पुण्या-मुंबईला नीट कळलं. दुःख कळलं, मग "जायलो" कामून कळत नाही?

असो. नाटक लागलं. श्रेयनामावलीत 'बोली मार्गदर्शन' म्हणून माझं नाव आलं, त्यामुळं आईला लोह्याहून मुद्दाम आणलं. पहिल्या रांगेत बसवलं. पटका बांधलेला नट मधोमध उभा राहून दहा मिनिटं बोलला, टाळ्या घेतल्या.

आई कानाशी वाकली. "लोह्याचा माणूस कवा येयलाय रे?"